गर्भपात म्हणून आमचं नाव बंद करू नका: द्राक्षगर्भ झालेल्या बायकांसाठी आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन;
तसेच सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतले आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ

स. न. वि. वि.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात चौदा वर्षं आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. वाडीत कुणाला दिवस गेले की घरच्यांच्या पाठोपाठ खबर मला लागते. माझ्या पिशवीत दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट असतं, लोहाच्या आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या असतात आणि एक जाड वही असते. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, शेवटच्या पाळीची तारीख, कितवी खेप, बाळंतपणाची अंदाजे तारीख. बारा आठवड्यांच्या आत नोंद व्हायला हवी म्हणून मी भर हंगामात आंब्याच्या बागा पालथ्या घातल्या आहेत. आंबे भरणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून पेंढ्यावर वही ठेवून नावं लिहिली आहेत. बाळंत झाली की पुढचे बेचाळीस दिवस माझ्या फेऱ्या ठरलेल्या.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याच वहीत मी माझं स्वतःचं नाव लिहिलं. पाच आठवड्यांनी माझ्याच हाताने ते बंद केलं. शेवटच्या रकान्यात एक शब्द लिहिला: गर्भपात. त्या एका शब्दामुळे हे पत्र लिहायला बसले आहे.

माझं वय तेव्हा एकेचाळीस होतं. मुलगी बारावीची परीक्षा देऊन बसलेली. नवरा मुंबईत नोकरीला, शिमग्याला आला होता. गावातल्या बायकांना पाळणा लांबवायचं मी सांगायचं आणि माझंच असं झालं, म्हणून मी महिनाभर कुणाला काही बोलले नाही. पण उलट्या लपत नाहीत. पहिल्या खेपेलाही मला उलट्या झाल्या होत्या, पण या वेळी पाणीसुद्धा ठरेना. आणि पोट. तिसरा महिना पुरा व्हायचा होता आणि पोटावर हात ठेवला तर चार-साडेचार महिन्यांचं लागत होतं. इतक्या बायकांच्या पोटावर हात ठेवलाय मी, मला ते कळत होतं. मग चॉकलेटी रंगाचं अंगावर जायला लागलं.

सोनोग्राफीला बसले तेव्हा पडदा माझ्या बाजूला थोडा कलला होता. बाळ दिसलं नाही. पूर्वी अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, तसं काहीतरी होतं, पांढरं, बारीक बारीक, सगळीकडे. डॉक्टर म्हणाले, "बाळ धरलेलंच नाही. मोल आहे. पिशवी लगेच रिकामी करावी लागेल." मराठीत याला द्राक्षगर्भ म्हणतात. वार ज्या पेशींची बनते त्या पेशी वेड्यासारख्या वाढतात आणि पाण्याने भरलेल्या फुग्यांचे घोस तयार होतात, द्राक्षांसारखे. माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "असा कधी आयकूक नाय गो बाय." त्यांनी ऐकलं नव्हतं यात नवल नाही. चौदा वर्षं आशाचं काम करून मीही ऐकलं नव्हतं. आमच्या एकाही प्रशिक्षणात मला तो शब्द भेटला नाही.

मला कुणी काही सांगितलंच नाही, असं मी म्हणणार नाही. ज्या खाजगी दवाखान्यात पिशवी साफ केली तिथल्या कागदावर खाली इंग्रजीत एक ओळ होती: बीटा एचसीजी, दर आठवड्याला. कशासाठी, कुठवर, नाही केली तर काय, हे त्या ओळीत नव्हतं आणि तोंडीही कुणी सांगितलं नाही. ती रक्ताची तपासणी मी एकदा केली. आधी लाखाच्या वर असलेला आकडा काही हजारांवर आला होता. मला वाटलं, उतरतोय म्हणजे बरं झालं. एका तपासणीचे सातशे रुपये, वर एसटीने जाऊन येऊन आख्खा दिवस. जून लागला, लावणी आली. मी दुसऱ्यांदा गेले नाही. वहीतलं माझं नाव तर बंदच झालेलं. माझ्या दारात येऊन "ताई, रक्त दिलंत का?" असं विचारणारं कुणी नव्हतं, कारण ते विचारणारी आमच्या गावात मीच होते.

आता पुढे काय झालं ते सांगते. आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांनी हे नीट वाचावं.

चतुर्थीच्या आठ दिवस आधी परत अंगावर जायला लागलं. मी म्हटलं, पाळी जायचं वय झालं, होत असेल मागेपुढे. गणपतीत कोकणातली कुठली बाई स्वतःसाठी डॉक्टरकडे जाते? घर सारवायचं, माटी बांधायची, मुंबईची माणसं येणार, नैवेद्य, आरत्या. मी ते अंगावर काढलं. त्यातच खोकला सुरू झाला आणि गौरी गेल्यावर एका सकाळी खोकताना ओढणीला लाल डाग पडला. माझ्या डोक्यात एकच आलं, क्षय. दोन आठवड्यांपुढे खोकला म्हणजे थुंकी तपासा, हे मी घरोघर सांगते. मी माझीच थुंकी डबीत भरून दिली. त्यात काही निघालं नाही. एक्स-रेत मात्र दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीन गोल सावल्या दिसल्या. क्षयाची औषधं सुरू करायची असं जवळजवळ ठरलं होतं.

ती सुरू झाली नाहीत ती आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नवीन आलेल्या एका तरुण डॉक्टरमुळे. त्यांनी एक्स-रे बघितला आणि विचारलं, "ताई, गेल्या वर्षभरात दिवस राहिले होते का?" मी हो म्हटलं. "काय झालं होतं?" मी म्हटलं, गर्भपात. त्यांनी पुन्हा विचारलं, "कसला गर्भपात?" तेव्हा मी मोल हा शब्द काढला. त्यांनी माझ्याच पिशवीतलं निश्चय किट मागितलं.

मी हजार वेळा ते किट फोडलं असेन. ड्रॉपरने थेंब टाका, पाच मिनिटं थांबा. त्या दिवशी पाच मिनिटं लागलीच नाहीत. दोन रेघा, दोन्ही गडद. नवरा जूनपासून मुंबईत, सोनोग्राफीत गर्भ नाही, आणि किट सांगतंय दिवस आहेत. गावातल्या बायकांना त्या दोन रेघा दाखवताना मी हसत असते. त्या दिवशी मी टेबलावरच्या त्या पट्टीकडे बघत बसले आणि डॉक्टर फोनवर कुणाशी तरी बोलत होते. रक्तातला आकडा दुसऱ्या दिवशी आला, ३८,४००.

मला झाला होता तो वारेच्या पेशींचा कॅन्सर. डॉक्टर त्याला जीटीएन म्हणतात, त्यातल्या सगळ्यात आक्रमक प्रकाराला कोरिओकार्सिनोमा. बाईच्या जननसंस्थेत होणाऱ्या कॅन्सरमधला हा दुर्मीळ. पूर्ण, म्हणजे बाळ मुळीच न धरलेला, द्राक्षगर्भ झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण पंधरा-वीस जणींत पिशवी साफ केल्यावरही या पेशी मागे राहतात आणि पुन्हा वाढायला लागतात. अर्धवट, म्हणजे थोडाफार गर्भही धरलेल्या, द्राक्षगर्भात हे प्रमाण फार कमी, शंभरात पाचाच्या आत. वारेच्या पेशींचा स्वभावच रक्तवाहिन्यांत शिरण्याचा, म्हणून त्या रक्तातून निघून सगळ्यात आधी फुफ्फुसात जातात, कधी योनीत, आणि उशीर झाला तर यकृतात आणि मेंदूत. आणि फक्त द्राक्षगर्भानंतरच होतो असंही नाही. साध्या गर्भपातानंतर, अगदी नऊ महिने भरून निरोगी बाळ झाल्यावरही होऊ शकतो. बाळंतपणाला दीड महिना उलटून गेला तरी लाल जायचं थांबत नाही, किंवा थांबून परत सुरू होतं, अशा बाईला आपण "अशक्तपणा आहे" म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या देतो. मी स्वतः दिल्या आहेत. त्या बायकांचे चेहरे आता मला आठवतात.

या पेशी जिथे जातील तिथे एचसीजी तयार करतात, तोच पदार्थ जो आमचं किट लघवीत शोधतं. दुसऱ्या बहुतेक कॅन्सरांना असा पक्का निरोप्या नाही. म्हणूनच या आजारात तुकडा काढून तपासायची बहुतेक वेळा गरज पडत नाही. उलट तुकडा काढताना रक्त थांबता थांबत नाही असं होऊ शकतं. आकडा उतरायचा थांबला किंवा चढायला लागला की निदान झालं. आकडा बघणारं कुणीतरी असलं पाहिजे, एवढंच.

मला परळच्या टाटा रुग्णालयात पाठवलं. कणकवलीहून तुतारीने रात्रभर बसून दादर, आणि दिवा स्टेशनजवळच्या नवऱ्याच्या खोलीत मुक्काम. तिथे वय, आधीचं गर्भारपण कसलं, किती महिने झाले, आकडा किती, गाठी कुठे आणि किती, अशा गोष्टींचे गुण मोजतात. सहापर्यंत गुण म्हणजे धोका कमी, सातपासून पुढे जास्त. माझे चार भरले. चाळिशी ओलांडली होती त्याचा एक, आकड्याचे दोन, फुफ्फुसातल्या सावल्यांचा एक. कमी धोक्याच्या बायका जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात, जास्त धोक्याच्याही शंभरातल्या नव्वदांहून अधिक. कॅन्सर शरीरभर पसरलेला असताना असं छातीठोक सांगता येणारे आजार किती आहेत? तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. त्यांनी एका कागदावर आलेख काढून दाखवला, माझा आकडा कसा खाली यायला हवा ते.

औषध मेथोट्रेक्सेट. एक दिवस पिवळं इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी ल्युकोव्होरिनची गोळी, असे आठ दिवस, मग सहा दिवस विश्रांती, मग पुन्हा. तोंड आतून सोलवटून निघायचं. भाताची पेज, तीही गार करून, चमच्याने घ्यायची. ३८,४०० वरून ९,२००, मग १,१००, मग १४०, मग २२, मग ४. पाचच्या खाली म्हणजे नॉर्मल. मला वाटलं सुटले. पण नॉर्मल झाल्यावरही आणखी तीन वेळा तेच औषध घ्यायला लावलं.

त्याची कहाणी मला तिथल्याच एका निवासी डॉक्टरने सांगितली आणि ती मी तुम्हाला सांगणार आहे, कारण माझी सगळी मागणी तिच्यात आहे. अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेत मिन चिउ ली नावाचे एक चिनी डॉक्टर होते. तोवर हा कॅन्सर पसरला की बाई वाचत नसे. १९५६ साली त्यांनी रॉय हर्ट्झ यांच्याबरोबर मेथोट्रेक्सेट देऊन हा आजार बरा करून दाखवला. गाठीचा कॅन्सर निव्वळ औषधाने बरा झाल्याचं जगातलं ते पहिलं उदाहरण. पण लींनी एक गोष्ट हट्टाने केली. गाठी दिसेनाशा झाल्या, बाई हिंडूफिरू लागली, तरी आकडा जोवर पूर्ण उतरत नाही तोवर ते औषध देतच राहिले. वरच्यांना ते पटलं नाही, विनाकारण विष देतो म्हणून त्यांना तिथून जावं लागलं. नंतर दिसून आलं की ज्यांचं औषध मध्येच थांबवलं त्यांचा आजार उलटला, लींच्या बायका बऱ्या राहिल्या. १९७२ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. डोळ्यांना दिसतं त्यावर जाऊ नका, आकडा शेवटपर्यंत पाहा, हे त्या माणसाने आपली नोकरी घालवून शिकवलं आहे.

आणि ते औषध तयार झालं ते आपल्याच एका माणसाच्या प्रयोगशाळेत. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत त्यांच्या गटाने फोलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं, आणि त्याच फोलिक ॲसिडची वाट अडवणारी औषधंही. वाढणाऱ्या पेशीला फोलिक ॲसिड लागतं. ते मिळू दिलं नाही की ती मरते. १९४८ मध्ये सुब्बाराव गेले, त्या औषधाने बायका बऱ्या झालेल्या बघायला ते राहिले नाहीत. मी हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं. चौदा वर्षं मी फोलिक ॲसिडच्या गोळ्या वाटते आहे, पोटातलं बाळ नीट वाढावं म्हणून. उपचार चालू असताना त्याच गोळीला हात लावायचा नाही असं मला बजावलं होतं.

आता माझं म्हणणं.

द्राक्षगर्भ झालेल्या बाईचं नाव आपल्या आरसीएच, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या, नोंदीत गर्भपात म्हणून जातं, आपोआप झालेला की करवून घेतलेला एवढाच प्रश्न उरतो, आणि तिथे तिचा हिशेब संपतो. बाळंत झालेल्या बाईकडे माझ्या फेऱ्या असतात. मूल दगावलं तर त्याचीही चौकशी होते. क्षयाच्या रुग्णाने एक डोस चुकवला तर मला फोन येतो. आणि जिला पुढचे सहा महिने डोळ्यांत तेल घालून जपायला हवं तिचं पान आपण त्याच दिवशी मिटतो. आजार तिथून सुरू होतो हो! नोंदवही नेमकी तिथे बंद होते.

ते पान उघडं ठेवा. गर्भपाताच्या रकान्यात द्राक्षगर्भ हा वेगळा प्रकार करा आणि त्याच्यापुढे तारखांची जागा करा. आकडा नॉर्मल होऊन लागोपाठ तीन आठवडे नॉर्मल येईपर्यंत दर आठवड्याला रक्त, मग पूर्ण द्राक्षगर्भ असेल तर सहा महिने महिन्याला एकदा, अर्धवट असेल तर आणखी एका महिन्याने एकदा. एवढंच तर काम आहे. यात नवीन यंत्र नाही, नवीन इमारत नाही. ते रकाने भरायला आम्ही आहोत. जननी सुरक्षेच्या, लसीकरणाच्या प्रत्येक नोंदीला जसा मोबदला आहे तसा याला ठेवला तर चांगलंच, पण खरं सांगते, आधी आम्हाला हा शब्द शिकवा. प्रशिक्षणात एक पान पुरे. त्यावर सोनोग्राफीतलं ते मुंग्यांचं चित्र असू दे, म्हणजे कागद हातात घेऊन बाई आली की आम्ही ओळखू.

रक्ताचं काय ते बोलते. आमच्या केंद्रातून नमुन्यांची गाडी रोज जाते. साखर, थायरॉइड, कावीळ, कसकसल्या नळ्या जातात. त्याच गाडीत बीटा एचसीजीची एक नळी बसवा आणि निकाल बाईच्या आणि माझ्या मोबाइलवर येऊ द्या. केमोला मला महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार झाला, त्याबद्दल मी सरकारची आभारी आहे. पण त्याआधीच्या आणि नंतरच्या सगळ्या तपासण्यांचे पैसे आम्ही खिशातून दिले. बाई सुटते ती इथेच. परळला पोचलेली बाई वाचते. परळला कधी जायचं हे ज्या आकड्याने कळणार त्याला सातशे रुपये आणि एक दिवसाची मजुरी पडते.

ब्रिटनमध्ये १९७३ पासून देशभरातल्या अशा प्रत्येक बाईची नोंद होते आणि लंडन, शेफील्ड, डंडी या तीनच ठिकाणांहून त्यांच्यावर लक्ष ठेवलं जातं. बाईला घरी डब्या येतात, ती नमुना टपालाने पाठवते. तिथे साधारण सातशे जन्मांमागे एक द्राक्षगर्भ धरतात. तेच प्रमाण इथे धरलं तर वर्षाला हजार-बाराशे बाळं होणाऱ्या एका तालुक्यात एक-दोन बायका होतात. एका तालुक्यात दोन बायका, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तिन्ही जिल्हे एकत्र केले तर एक वही भरेल. आता रत्नागिरीत, सिंधुदुर्गात, अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. त्यांच्यापैकी एकाकडे ही वही द्या आणि एक माणूस त्या वहीला जबाबदार धरा.

स्त्रीरोगतज्ज्ञांना हात जोडून सांगते: पिशवीतून निघालेलं बादलीत टाकू नका, पॅथॉलॉजीला पाठवा. साध्या गर्भपातात अर्धवट द्राक्षगर्भ नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही म्हणतात. कागदावरची ती ओळ मराठीत लिहा आणि बाईबरोबर आलेल्या माणसाला बसवून सांगा. देखरेख चालू आहे तोवर पुन्हा दिवस राहता कामा नयेत, कारण खऱ्या गर्भाने आकडा चढला तर आजाराचा चढलेला आकडा त्यात लपतो. त्यासाठी पाळणा लांबवायच्या गोळ्या चालतात, हेही सांगा. आणि मूल नको असलेल्या चाळिशीच्या बाईची पिशवी काढली म्हणून रक्त तपासायचं सोडू नका. पिशवी गेली तरी फुफ्फुसात जाऊन बसलेल्या पेशी कुठे जातात?

प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना एकच विनंती, आमच्या त्या तरुण डॉक्टरांनी विचारला तो प्रश्न विचारा. मूल होण्याच्या वयातली बाई, अंगावरून लाल जातंय त्याचं कारण सापडत नाही, किंवा फुफ्फुसात गोल सावल्या आहेत आणि थुंकीत काही नाही, तर गेल्या वर्षा-दोन वर्षांत दिवस राहिले होते का हे विचारा आणि किट फोडा. किट म्हणजे रक्ताची तपासणी नव्हे. आकडा फार कमी असला तर ते दाखवत नाही, आणि फारच चढला असला तर उलटं फसतं, रेघच उमटत नाही असंही होतं. म्हणून किट कोरं आलं तरी संशय असेल तर रक्त पाठवाच. पण दोन रेघा आल्या तर त्या दिवशी एका बाईचा रस्ता बदलतो.

घरच्या माणसांविषयीही थोडं लिहायला हवं, कारण हे पत्र त्यांच्याही हातात पडेल. आमच्याकडे असं काही झालं की बाधा झाली, कुणीतरी काहीतरी केलं, अशी कुजबुज सुरू होते. माझ्यासाठीही देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. त्याला माझी ना नव्हती आणि नाही. सासूबाईंनी ते ज्या मायेने केलं ते मला माहीत आहे. पण दोष बाईच्या माथी मारू नका. पूर्ण द्राक्षगर्भात बहुतेक वेळा रिकाम्या बीजात पुरुषाचंच बीज दुप्पट झालेलं असतं, आईकडची गुणसूत्रं त्यात नसतातच. हे कुणाच्या वागण्याने होत नाही, खाण्याने होत नाही, ग्रहणात सुरी हातात धरल्याने होत नाही. अगदी कोवळ्या वयात आणि चाळिशीपुढे धोका वाढतो, एवढंच. आणि एकदा झालं म्हणून पुन्हा होईल असंही नाही. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना पुढच्या खेपेला द्राक्षगर्भ होत नाही. केमो घेतलेल्यांनासुद्धा मुलं होतात.

हे शेवटचं वाक्य मी या वर्षी मार्चमध्ये एका बावीस वर्षांच्या मुलीला तिच्या सासूसमोर तीनदा सांगितलं. लग्नाला दीड वर्ष, पहिली खेप, सोनोग्राफीत तेच मुंग्यांचं चित्र. घरात बोलणं चाललं होतं की तिला माहेरी पाठवून द्यावं. ती पडवीत खांबाला टेकून बसली होती आणि माझ्या हातातल्या वहीकडे बघत होती. तिला भीती होती मी तिचं नाव खोडणार याची. मी तिच्या नावाखाली रेघ मारली नाही. पान उलटलं आणि नवीन पानावर तिचं नाव वर लिहून खाली तारखा आखल्या, हाताने, पट्टीने. तिचं रक्त घेऊन खाजगी लॅबपर्यंत कधी मी जाते, कधी तिचा दीर मोटारसायकलने जातो. पैसे कधी ते देतात, दोनदा मी दिले. आकडा उतरतो आहे. आठव्या आठवड्याला १२ होता.

त्या पानाला सरकारी नंबर नाही. ते कुठल्या अहवालात जात नाही. मी आजारी पडले तर ते पान कुणी उघडणार नाही. तुम्ही ते तुमच्या नोंदीत घ्यावं म्हणून हे लिहिते आहे. माझं स्वतःचं वर्षभराचं रक्त गेल्या महिन्यात संपलं, सगळे आकडे दोनच्या खाली.

तिची पुढची तारीख येत्या ९ ची आहे. नमुन्यांची गाडी आमच्या केंद्रावर साडेअकराला येते. त्या दिवशी तिच्या नळीला त्या गाडीत जागा मिळेल का, याचं उत्तर आपल्याकडून कळावं.

आपली विश्वासू,
देवगड तालुक्यातली एक आशा स्वयंसेविका